उन्हाच्या खोलीतला पाहुणा

परक्या माणसाला घरात ठेवून घ्यायचं, तर घरातल्या एखाद्या माणसाला आधी बाहेर काढावं लागतं. हा निसर्गाचा नियम आहे. याला निष्ठुरपणा म्हणणारेही लोक आहेत. पण त्यांची घरं एकतर फार मोठी असतात, नाहीतर त्यांच्याकडे कोणी राहायला येत नाही. चीनमधल्या आमच्या तैयुआन शहरात घरं बेताची आणि पाहुणचाराची हौस अफाट, त्यामुळे हा नियम आम्ही फार पूर्वीच अंगी बाणवला आहे. छ्याओ युमेईने तर त्याचं असं शास्त्र केलं, की पुढे अर्ध्या शहराने तिचा कित्ता गिरवला.

युमेई औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. तिचा नवरा हाओ शूलिन शहराच्या उष्णता-पुरवठा खात्यात आहे, म्हणजे थंडी पडली की घरोघरच्या भिंतींतल्या नळांत गरम पाणी सोडणाऱ्या खात्यात. मुलगी सुवेन अकरावीत. आणि शूलिनचे वडील हाओ गनवांग, पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे त्याहून जुने. चौथ्या मजल्यावरच्या या घरात खोल्या तीन. उत्तरेची अंधारी नवराबायकोची, मधली चिंचोळी सुवेनची, आणि दक्षिणेची, जिच्यात थंडीतही दिवसभर ऊन असतं, ती म्हाताऱ्यांची. घरात भांडणं होत, पण ती प्रकृतीला चांगली असतात.

त्या वर्षी शहरातल्या एका भाषा महाविद्यालयाने 'चिनी कुटुंबात एक सत्र' ही योजना काढली. परदेशी विद्यार्थ्याने पुस्तकं वाचून काय ते शिकावंच, पण शिवाय एखाद्या घरात राहून साधं कौटुंबिक जीवन पाहावं, असा तिचा उदात्त हेतू होता. अटी तीन: (अ) विद्यार्थ्याला स्वतंत्र, उजेडाची खोली, (आ) ताजं जेवण, (इ) कुटुंबाने आपलं नेहमीचं जीवन जसंच्या तसं चालू ठेवावं. निवडलेल्या कुटुंबाला दारावर ठोकायला पितळी पाटी मिळणार होती. युमेईला पाटीचा मोह नव्हता. तिला फक्त सुवेनचं इंग्रजी सुधारायला हवं होतं. (पाटी कुठे ठोकायची ते तिने अर्ज करण्यापूर्वी पेन्सिलीने आखून ठेवलं होतं, पण ते केवळ भिंत सरळ आहे का हे पाहण्यासाठी.)

रात्रीच्या जेवणानंतर कुटुंबाची बैठक झाली.

"सुवेनची परीक्षा आहे, तिला हलवता येणार नाही," युमेई म्हणाली. "आमची खोली अंधारी. परदेशी माणसाला अंधारात ठेवलं तर तो आपल्या देशाबद्दल काय मत करून घेईल?"

"देशाबद्दल?" म्हातारे म्हणाले.

"हो ना बाबा. तुम्हीच सांगा आता."

म्हाताऱ्यांनी थोडा वेळ देशाचा विचार केला. "मग मी कुठे?"

"खाली आपली कोठी आहे की! खिडकी आहे, दिवा आहे, कोबी आणि सायकली हलवल्या की ऐसपैस. जिने चढायला नकोत, उतरायला नकोत. तुमच्या गुडघ्यांना उलट सुट्टी."

"आणि थंडीत काय करू? कोठीत गरम नळ नाही."

"नळ तापायच्या आत तुम्हाला वर आणते. शब्द माझा."

म्हातारे मुलाकडे वळले. "शूलिन, तुझं काय म्हणणं?"

"बघू," शूलिन म्हणाला. (त्याच्या बावीस वर्षांच्या सुखी संसाराचा पाया हाच एक शब्द आहे.)

अशा रीतीने ठराव एकमताने मंजूर झाला. सप्टेंबरच्या एका सकाळी म्हातारे आपली गादी, रेडिओ आणि नूडल्सवर ओतायच्या व्हिनेगरची बरणी घेऊन चार मजले उतरले. कोठी म्हणजे इमारतीच्या तळाशी, अर्धी जमिनीखाली, सगळ्या घरांना एकेक मिळालेली अडगळीची जागा. तिथे आयुष्याला नको असलेल्या पण टाकवत नाहीत अशा वस्तू ठेवतात, तेव्हा ही योजना परंपरेला धरूनच होती.

पाहुणा आला तो फिनलंडचा. युमेईने अर्जात इंग्लंड किंवा अमेरिका मागितलं होतं. निवास-समन्वय कक्षाच्या प्रमुख द्वान बाई, ज्या ही सगळी योजना चालवत, त्यांनी कळवलं की इंग्लंड-अमेरिका संपलं आहे, फिनलंड शिल्लक आहे. मुलाचं नाव इल्मारी. उंची दाराच्या चौकटीएवढी, वृत्ती शांत. इंग्रजी त्याला उत्तम येत होतं, पण विनाकारण बोलायची त्याला सवय नव्हती. सुवेन त्याच्यासमोर बसून, शब्दकोश उघडून, हवामान, शिक्षणपद्धती आणि मानवजातीचं भवितव्य यांवर इंग्रजीत दीर्घ प्रश्न विचारी. इल्मारी नीट विचार करी आणि म्हणे, "हो." काही आठवड्यांत सुवेनचं इंग्रजी 'हो' अगदी निर्दोष झालं.

अट (इ) ची अंमलबजावणी सगळ्यांत कष्टाची ठरली. नेहमीचं जीवन जसंच्या तसं चालू ठेवायचं तर त्याची पूर्वतयारी लागते. युमेईने दूरचित्रवाणी बंद केली, कारण सुसंस्कृत कुटुंबात संध्याकाळी लोक वाचतात. शूलिनला घरात बनियनवर बसायची बंदी झाली. तो घरी आला की बाहेरचे कपडे काढून अधिक बाहेरचे कपडे घाली. आठवड्याला एकदा होणारा मासा रोज होऊ लागला. भांडणांचं प्रमाण दिवसाला सरासरी तीनवरून शून्यावर आलं. (तुंबलेली भांडणं नवराबायको रविवारी भाजी आणायला जाताना रस्त्यात उरकत.) जेवताना युमेई पाहुण्याच्या वाडग्यात घास घाली, पाहुणा आईच्या शिकवणीप्रमाणे वाडगं स्वच्छ करी, आणि वाडगं रिकामं दिसलं की आमच्याकडे यजमानीणबाईंची अब्रू जाते म्हणून युमेई ते पुन्हा भरी. दोन संस्कृतींमधली ही देवाणघेवाण दिवाळखोरीच्या दिशेने चालली होती, पण पोरगं तब्येतीने सुधारलं.

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात. हा नियम या घराने मोडीत काढला. महिना झाला तरी इल्मारी पहिल्याच दिवसावर होता.

पंचाईत झाली ती त्याच्या अभ्यासात. 'माझ्या चिनी कुटुंबाचं साधं जीवन' यावर त्याला दर पंधरवड्याला लिहून द्यावं लागे. त्याने लिहिलं की घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, कोणी कोणावर रागावत नाही, सगळे इस्त्रीचे कपडे घालून मासा खातात आणि नऊ वाजता वाचत बसतात. शिक्षकांनी शेरा मारला: 'हॉटेलचं वर्णन चांगलं जमलं आहे. कुटुंबाबद्दल लिहा.' आणि दहापैकी दोन गुण दिले.

इल्मारी खिन्न होऊन सायकल काढायला खाली गेला, तर कोठ्यांच्या बोळात एक म्हातारा उकिडवा बसून, वाडगं हनुवटीला लावून, इमारत हलेल एवढा आवाज करत नूडल्स ओढत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

"जेवलास का?" म्हाताऱ्याने विचारलं.

इल्मारीने खरं सांगितलं. "फार जेवलो."

"मग बस. बुद्धिबळ येतं?"

"नाही."

"उत्तम. हरायला तयार असलेला माणूस या बोळात मिळत नाही."

तेव्हापासून इल्मारीची दुपार कोठीत जाऊ लागली. तिथे खऱ्या अर्थाने शिक्षण झालं. म्हातारे हरले की पट उधळत, जिंकले की पट पुन्हा मांडून कसे जिंकले ते दाखवत. कारखान्यात आयुष्य गेल्यामुळे कानाने कमी ऐकत आणि तोंडाने ते भरून काढत. 'वाडगं पुसलेलं दिसतंय, जेवलास म्हणजे' एवढंच म्हणत, पुन्हा वाढत नसत. चाल चुकली की म्हणत, "अरे बैलोबा, घोडा असा चालतो का? घोडा आहे तो, वऱ्हाडी नाही, वाटेल तिथे बसायला!" इल्मारीला उभ्या आयुष्यात कोणी एवढ्या आपुलकीने बैल म्हटलं नव्हतं. त्याचे गुण दोनवरून आठवर गेले.

हे म्हातारे कुठले, असं त्याने एकदा विचारलं होतं. "इथलाच," म्हातारे म्हणाले, आणि घोडा पुढे केला. खरं सांगितलं असतं तर पोरगं त्याच दिवशी खोली सोडून निघालं असतं, आणि मग सुनेला चारचौघांत मान खाली घालावी लागली असती, हे त्यांना कळत होतं. सुनेशी त्यांचं पटत नव्हतं, पण ती त्यांची सून होती. वर काय चाललंय ते ते रोज इल्मारीकडूनच काढून घेत. आज मासा कोणता, पोरीचा खोकला गेला का, खोलीत ऊन अजून पलंगापर्यंत येतं का.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा द्वान बाई तपासणीला आल्या. त्यांच्याकडे गुणांचा तक्ता होता आणि त्यात 'घरातील वडीलधारी व्यक्ती' या बाबीला पंधरा गुण होते.

"तीन पिढ्या एका छपराखाली, हेच तर परदेशी लोकांना पाहायचं असतं," द्वान बाई म्हणाल्या. "तुमच्या अर्जात सासरे आहेत. दिसत नाहीत ते?"

"आत्ताच फिरायला गेलेत," युमेई म्हणाली. "शूलिन, जा ना, बाबांना घेऊन ये. आणि त्यांचा निळा कोट."

शूलिन धावत खाली गेला आणि वडिलांना निळ्या कोटात घालून वर घेऊन आला. म्हातारे स्वतःच्याच घरात धापा टाकत शिरले आणि सोफ्याच्या कडेला बसले. इल्मारी स्वयंपाकघरातून बाहेर आला आणि प्रथमच, कोणी न विचारता, मोठ्याने बोलला.

"हे तर खालचे आजोबा!"

सुवेनने मान खाली घातली.

"खालचे?" द्वान बाईंनी विचारलं.

"कोठीत राहतात. मला सगळं तेच शिकवतात."

अशा वेळी सामान्य स्त्री कोलमडली असती. युमेईने चहाचा कप दोन्ही हातांनी द्वान बाईंपुढे केला. "बाई, सांगणार नव्हते, पण आता कळलंच आहे. बाबांनी खाली विद्यार्थ्यांसाठी जुन्या पद्धतीचं राहणीमान मांडलंय. स्वतःहून. ऐकतच नाहीत. म्हणतात, पोरांना आपलं मूळ कळलं पाहिजे."

सगळ्यांनी म्हाताऱ्यांकडे पाहिलं. तिला खोटं पाडायला एक शब्द पुरला असता. म्हाताऱ्यांनी सुनेकडे पाहिलं, ती अजून कप पुढे धरून उभी होती, आणि ते म्हणाले, "पोरांना कळायला पाहिजे."

द्वान बाई हरखून गेल्या. तिथल्या तिथे कोठीला 'लोकजीवन अनुभव केंद्र' हे नाव मिळालं. वडीलधाऱ्यांचे पंधरा, नावीन्याचे दहा. पाटी पक्की झाली. फक्त एक अडचण उरली: केंद्राची छायाचित्रं काढायला डिसेंबरमध्ये वरच्या कार्यालयातून माणसं येणार होती, तोवर केंद्र जसंच्या तसं राहायला हवं होतं. आणि केंद्रात पाहण्यासारखी वस्तू एकच होती, ती म्हणजे म्हातारे.

नोव्हेंबर उजाडला. शहरभर नळ तापले. लाखो घरांत लोकांनी स्वेटर काढून ठेवले आणि खिडक्या किंचित उघडल्या. कोठीत म्हातारे दोन रजयांत बसून रेडिओ ऐकत होते. त्यांना खोकला झाला. हे शूलिनला सहन होईना, आणि बायकोशी वाद घालणंही होईना. म्हणून अख्ख्या शहराला उष्णता पुरवणाऱ्या खात्यातला हा माणूस रोज संध्याकाळी कोटाखाली रबराच्या पिशवीत गरम पाणी लपवून चार मजले उतरे. बापलेक पिशवी मधे ठेवून बसत.

इल्मारी युमेईकडे गेला. "मी खाली राहतो. आजोबांना वर आणा. मला थंडीची सवय आहे."

युमेई घाबरली. "अरे बाबा, असं भलतंसलतं बोलू नकोस! परदेशी मुलाला कोठीत ठेवलं तर लोक काय म्हणतील?"

"आजोबांना ठेवलंय."

"आजोबा घरचे आहेत," युमेई म्हणाली, आणि हे उत्तर इतकं परिपूर्ण होतं की त्यावर काय बोलावं ते त्याला चिनीत सुचलं नाही, आणि त्याने नंतर सांगितलं, फिनिशमध्येही सुचलं नाही.

नियमाप्रमाणे उन्हाची खोली पाहुण्याचीच होती. पाहुण्याला ती सोडता येत नव्हती आणि घरच्याला ती मिळत नव्हती. इल्मारी सरळ मनाचा मुलगा. त्याने या नियमाचा नियमासारखाच विचार केला. महाविद्यालयाच्या फलकावर द्वान बाईंची नवी सूचना लागली होती. परदेशी विद्यार्थी पुरेसे मिळत नसल्यामुळे कक्षाने तीच योजना शहरातल्या ज्येष्ठ नागरिकांसाठी खुली केली होती. ज्येष्ठांनी दुसऱ्या कुटुंबात एक सत्र राहावं, सुलेखन किंवा गायन शिकावं, अनुभव घ्यावा. अटी जुन्याच उतरवून काढल्या होत्या. (अ) स्वतंत्र, उजेडाची खोली.

"आजोबा," इल्मारी कोठीत येऊन म्हणाला, "ऊन कोणाला मिळतं?"

"पाहुण्याला."

"मग तुम्ही पाहुणे व्हा."

म्हातारे एवढे हसले की खोकल्याची उबळ आली, आणि उबळ संपल्यावर ते हसत नव्हते. "बैलोबा," ते म्हणाले, "आज पहिल्यांदा घोडा बरोबर चालवलास."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर जाऊन सुनेला सांगितलं, "मी शिकायला चाललोय. सुलेखन. राहायची सोय तेच करतात."

"या वयात?" युमेई म्हणाली.

"उशीर झालाय खरा. म्हणून लगेच निघतो."

"आणि छायाचित्रं काढायला लोक येणार आहेत त्यांचं काय?"

"शूलिनला बसव माझा निळा कोट घालून. तो असाही बोलत नाही."

आणि खरोखरच तसं झालं. छायाचित्रात शूलिन पाठमोरा आहे, हुबेहूब वडिलांसारखा पोक काढून. छायाचित्र छान आलं.

म्हाताऱ्यांना नदीपलीकडे फान नावाच्या कुटुंबात जागा मिळाली. दक्षिणेची खोली, भर उन्हाची. ती फान कुटुंबातल्या आजोबांची होती, पण पाहुणा येणार म्हणून त्यांची व्यवस्था काचा लावलेल्या गच्चीत, कुंड्यांच्या मागे करण्यात आली होती. हाओ आजोबा तिथे उकिडवे बसून, आवाज करत नूडल्स ओढू लागले, आणि फान यांची सून कौतुकाने म्हणाली, "किती मोकळेपणाने जेवतात! अजिबात परकेपणा नाही." फान आजोबा कुंड्यांमागून हे बघत होते. ते काही मूर्ख नव्हते. आठवडाभरात त्यांनीही अर्ज केला.

जानेवारीत इल्मारी गेला. विमानतळावर सुवेन त्याला इंग्रजीत बरंच काही बोलली आणि तो "हो" म्हणाला, पण डोळे पुसत. जाताना त्याला साध्या कौटुंबिक जीवनात दहापैकी दहा गुण होते, सगळे कोठीत मिळवलेले. त्याच आठवड्यात रिकाम्या झालेल्या खोलीसाठी कक्षाने युमेईकडे नवा विद्यार्थी पाठवला. फान बाओशान, वय एक्क्याऐंशी, विषय गायन.

युमेईने नवी रजई आणली. सकाळी ती पडदा सरकवून म्हणे, "काका, ऊन आलंय हं, बसा सावकाश." फान काका कानाने कमी ऐकत, व्हिनेगर वाडग्यात ओतत, खाकरत, बनियनवर बसत आणि पहाटे चारला उठून गाण्याचा रियाज करत. "स्वभाव कसा अगदी मनमोकळा आहे," युमेई शेजारणींना सांगे. "नाहीतर काही म्हातारी माणसं!" ज्येष्ठांच्या स्नेहमेळाव्यात तिची आणि फान यांच्या सुनेची गाठ पडली.

"तुमचे सासरे म्हणजे सोनं आहे सोनं," फान यांची सून म्हणाली.

"काहीतरीच! सोनं तर तुमचे," युमेई म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे संशयाने पाहिलं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काय उगीच? मग दोघींनी मान डोलावली आणि केक खाल्ला.

योजना वणव्यासारखी पसरली. वसंतोत्सवापर्यंत, म्हणजे चिनी नववर्षापर्यंत, आमच्या वसाहतीतल्या वृद्धांपैकी निम्मे एकमेकांच्या घरी नांदत होते. कक्षाच्या अहवालानुसार सासू-सुनेची भांडणं जवळजवळ संपुष्टात आली, वृद्धांच्या आहारात माशाचं प्रमाण तिप्पट झालं, 'आता पुरे हो तुमचं' या वाक्याचा वापर घरांतून नाहीसा झाला. प्रत्येक म्हाताऱ्याला ऊन मिळालं. त्यासाठी प्रत्येकाला दुसऱ्याच्या घरी राहावं लागत होतं, एवढीच काय ती किंमत होती, आणि ती कोणाला फारशी जाणवली नाही. द्वान बाईंना बढती मिळाली. पुढच्या टप्प्यात नवऱ्यांचा विचार चालू आहे असं ऐकतो.

नववर्षाच्या पाचव्या दिवशी, लोक एकमेकांकडे शुभेच्छा द्यायला जातात तेव्हा, युमेईच्या दाराची घंटा वाजली. पितळी पाटीखाली सासरे उभे होते. त्यांच्याकडे घराची किल्ली होती, तरी त्यांनी घंटा वाजवली. हातात दुधाचा खोका आणि संत्र्यांची पिशवी.

"अय्या, बाबा! या, या ना. कशाला आणलंत एवढं?"

"काही नाही, आपलं सहज," म्हातारे म्हणाले. "बूट कुठे ठेवू?"

त्यांना सोफ्यावर मधोमध बसवलं. शूलिनने दोन्ही हातांनी चहा दिला. युमेईने सहा पदार्थ केले, मासा वेगळा. म्हातारे प्रत्येक गोष्टीला आधी "नको, नको, त्रास घेऊ नका" म्हणाले आणि तिसऱ्या आग्रहाला घेतली. ते सरळ बसले आणि आवाज न करता जेवले. गप्पा अगदी रंगल्या. प्रकृती कशी? छान. सुलेखन कसं चाललंय? चाललंय. नदीपलीकडे थंडी कशी आहे? इथल्यासारखीच. या घरात त्यांना एवढा मान पूर्वी कधी मिळाला नव्हता.

"आजोबा, तुमची खोली बघता?" सुवेन म्हणाली.

म्हातारे दारापर्यंत गेले. फान काका आपल्या घरी भेटीला गेले होते, खोली रिकामी होती, ऊन पलंगावर पसरलं होतं. म्हातारे उंबऱ्यावरच थांबले. "दुसऱ्यांची खोली आहे," ते म्हणाले. "ते नसताना आत जाणं बरं नाही."

"परत कधी येणार?"

"येईन की. फोन करून येईन."

सुवेन रडायला लागली. सुसंस्कृत घरात पाहुण्यांसमोर असं रडत नाहीत, म्हणून युमेईने तिला आत पाठवलं. म्हाताऱ्यांनी बूट घातले. शूलिन काहीतरी बोलायला पुढे झाला, त्याचे ओठ हलले, आणि आपण "बघू" म्हणालो हे त्याला ते बोलल्यावर कळलं.

"सावकाश जा हं बाबा," युमेई दारातून म्हणाली. "पुन्हा या." बावीस वर्षांत तिने त्यांना असं कधी म्हटलं नव्हतं, कारण ते कधी कुठे गेलेच नव्हते. म्हातारे कठडा धरून एकेक पायरी उतरू लागले. ते दुसऱ्या मजल्यावर पोचले असतील तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते डोक्यावर काही न घालता आले होते, आणि बाहेर बर्फ भुरभुरत होतं. दर थंडीत ती याच जिन्यातून त्यांच्या मागे ओरडत असे, "अहो, टोपी! किती वेळा सांगायचं, मरायचंय का?" आणि ते खालून ओरडत, "तुझ्या बापाला सांग!" सगळ्या इमारतीला ते ऐकू जाई.

तिने तोंड उघडलं. पण पाहुण्यांवर असं ओरडत नाहीत. तिने तोंड मिटलं आणि खालचं दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत ती हसतमुख उभी राहिली, जशी यजमानीणबाईने राहायला हवी. मग तिला फार वाईट वाटलं, आणि का वाटतंय ते तिला नेमकं ठाऊक होतं.

वाचकांपैकी अनेकांना एव्हाना युमेईचा राग आला असेल. रास्त आहे, खुशाल यावा. तरी तिला नावं ठेवण्यापूर्वी आज तुम्हाला आलेले दोन फोन आठवून पाहा. एक कोणा अनोळखी माणसाचा होता. त्याला तुम्ही "हां, बोला ना, बोला" म्हणालात. दुसरा आईचा होता. तिला काय म्हणालात ते आम्ही विचारत नाही. तुम्ही आमचे पाहुणे आहात.